डांबरशेठनी घातलेलं काँक्रीट

माझे सासरे हट्टी आहेत असं मी म्हटलं तर घरातलं कुणी माझं तोंड धरणार नाही. उलट सासूबाई म्हणतील, "हळू बोल, त्यांना कौतुक वाटेल." घरात त्यांना सगळे नाना म्हणतात. गल्लीत त्यांचं नाव डांबरशेठ. आयुष्यभर त्यांनी रस्त्यांवर डांबर घातलं. आधी खडी पसरायला होते, मग रोलर चालवायला लागले आणि टोळीचे मुकादम होऊन निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर गाडीतून कुठे जायचं म्हणजे शिक्षा. "हा माझा," असं म्हणून ते काचेतून रस्त्याकडे बोट दाखवतात. जरा पुढे गेलं की, "हा माझा नाही, बघ कसा उडतोय." लग्नानंतर पहिल्यांदा सगळे मिळून फिरायला गेलो तेव्हा मला एक डोंगर, एक तळं आणि नानांचे सगळे रस्ते दाखवण्यात आले. पैकी डोंगर आणि तळं धावत्या गाडीतून.

सिमेंटच्या रस्त्यांचा त्यांना मनापासून तिटकारा. "सिमेंट म्हणजे ताठ माणूस," ते म्हणायचे. "मोडेल पण वाकणार नाही. डांबर बघ. उन्हात नमतं, थंडीत सावरतं, फाटलं तर ठिगळ लावून घ्यायला लाजत नाही. संसार डांबरासारखा करावा." हे त्यांनी आम्हा दोघांना लग्नाच्या दिवशी आशीर्वाद म्हणून ऐकवलं होतं. माझ्या नवऱ्याने ते इतकं मनावर घेतलं की तो आजही कुठल्याही भांडणात आधी नमून मोकळा होतो. मी तशी नाही. बहुतेक मी सिमेंटचीच असणार.

आमचं घर रस्त्यापेक्षा उंचावर आहे. फाटकातून आत आलं की गाडी ठेवायच्या जागेपर्यंत आणि पुढे पायरीपर्यंत चांगलाच चढ लागतो. त्यावर नानांनी घर बांधलं त्या वर्षी स्वतः डांबर घातलं, सुट्टीच्या दिवशी अख्खी टोळी बोलावून. रोलर गल्लीत वळवताना शेजाऱ्यांच्या भिंतीचा कोपरा उडाला होता. तो त्यांनी लगेच बांधून दिला, पण ठिगळ अजून दिसतं. ह्या उताराला घरात हायवे म्हणतात. हायवेवर सायकल आडवी टाकायची नाही, जड सामान आपटायचं नाही, आणि गाडीतून तेल गळलं तर आधी नानांना सांगायचं, मग मेकॅनिकला. दर दोन-तीन वर्षांनी नाना त्यावर डांबराचा ताजा हात फिरवायचे. तो काळा, एकसारखा, चकचकीत रस्ता बघून येणारा-जाणारा थांबायचा, आणि थांबला नाही तर नाना त्याला थांबवायचे.

मग सासूबाईंच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि त्यांचे पाय परत आले नाहीत. मी त्यांना आई म्हणते. डॉक्टरांनी आईंना नीट समजावून सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, चाकांची खुर्ची किती रुंद असते. घरी आल्यावर त्यांनी माझी शिवणाची टेप मागितली आणि सगळी दारं मोजायला लावली. न्हाणीघराचं दार मोठं करून घेतलं, ओटा खाली आणला, बाहेरच्या पायरीच्या एका बाजूला फळीचा उतार बसवून घेतला, आणि महिन्याभरात त्या घरात आमच्यापेक्षा वेगानं फिरू लागल्या. एकदा चाक माझ्या अंगठ्यावरून गेलं. मी ओरडले तर म्हणाल्या, "पाय बघून ठेवत जा."

खुर्चीला पाठीमागून ढकलायच्या दोन मुठी होत्या. त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. "मी हातगाडी नाही," आई म्हणायच्या. एका नर्सने दवाखान्यात न विचारता खुर्ची ढकलली तेव्हा आईंनी ब्रेक लावला होता आणि ती बिचारी खुर्चीवर आदळली होती.

पण घर म्हणजे काही आईंचं सगळं जग नव्हे. त्यांचं अर्धं आयुष्य फाटकापाशी गेलं. सकाळी पेपर आणायला जायच्या आणि अर्ध्या तासानं यायच्या. संध्याकाळी शेजारणी तिथे जमायच्या. कुणाचं कुठे जमलं, कुणाचं कुणाशी फाटलं, हे सगळं फाटकावर कळायचं, आणि ते कळल्याशिवाय आईंना जेवण जात नसे. थंडीत त्या खुर्चीवरून हायवेने फाटकापर्यंत जाऊ-येऊ लागल्या आणि आम्हाला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली.

उन्हाळा सुरू झाला आणि हायवे नमला. एका दुपारी मी खिडकीतून बघते तर आई उताराच्या मधोमध थांबलेल्या. खुर्चीची पुढची छोटी चाकं डांबरात रुतून बसली होती. आई दोन्ही हातांनी मोठी चाकं ओढत होत्या आणि खुर्ची तसूभर हलत नव्हती. मी धावले, मागून नाना धावले. दोघांनी मिळून खुर्ची उचलूनच आत आणली. आईंचे तळवे काळे झाले होते. इतकी वर्षं कामावरून आल्यावर नानांचे हात रॉकेलने पुसायचं काम आईंचं होतं. त्या दिवशी नाना खाली बसून आईंचे तळवे पुसत होते. ज्या गुणाचं नानांनी जन्मभर कौतुक केलं, तोच आईंच्या चाकांना नडला होता.

नानांनी उपाय केले. डांबरावर दगडाची बारीक कच पसरून दाबली, ती चाकांना चिकटून घरभर आली. मग फळ्या टाकल्या, त्या उतारावरून सरकल्या. मग वरचा थर खरवडून काढला, तेव्हा खालच्या डांबरात खड्डे निघाले. आई खिडकीतून बघत होत्या आणि दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या. गप्प बसलेल्या आई मला बघवत नव्हत्या.

नेमका तेव्हाच माझ्या नणंदेचा फोन आला. तिला आम्ही ताई म्हणतो. ती दुसऱ्या गावात राहते. तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, खाली सपाट फरशीची बाग आहे. "आईला माझ्याकडे पाठवा," ती म्हणाली. "इथे ती एकटी खाली जाऊन येईल." तिचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणूनच मला तिचा राग आला.

रात्री जेवताना आईंनी विषय काढला.

"मी विचार केलाय," त्या म्हणाल्या. "घरातल्या घरात गोल गोल फिरून मला जगायचं नाही. फाटकापर्यंत माझी मी जाऊन येता आलं तर मी इथे. नाहीतर ताईकडे."

"आणि मी?" नानांनी विचारलं.

"तिच्याकडे एकच पलंग मावतो."

माझा नवरा पाणी प्यायला उठला. पाण्याचा तांब्या त्याच्यासमोरच होता.

"मग काय करू म्हणतेस?" नाना म्हणाले.

"सिमेंट करा."

मला वाटलं आता ताट भिरकावतात. नानांनी घास चावून गिळला, हात धुतला आणि म्हणाले, "उद्या कुदळ काढतो."

पहिली कुदळ त्यांनीच मारली. मी बघायला गेले तर खेकसले, "काय बघतेस? रस्ता फोडताना कधी पाहिला नाहीस?" त्यांचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं, आणि दुसरं काही सुचेना म्हणून मी चहा करून आणला. तो त्यांनी उभ्या उभ्या प्यायला आणि पुन्हा कुदळ उचलली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण नानांनी मनाशी धरलं की काँक्रीटही आपणच घालायचं. नाक्यावर एक गवंडी राहतात, सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. फोडाफोडीचा आवाज ऐकून ते फाटकाशी आले आणि म्हणाले, "नाना, मी करून देऊ का?"

"रस्ता?" नाना म्हणाले. "मला?"

मिस्त्री शहाणे, ते बाहेरच थांबले.

नानांनी काँक्रीट घातलं ते डांबराच्या अकलेने. डांबर टाकायचं तर ऊन कडक हवं, म्हणून त्यांनी भर दुपारची वेळ धरली. मिक्सरवाली माणसं डोक्याला रुमाल बांधून कुरकुरत होती. अंगाखाली रोलर नव्हता तरी नाना उंटावरून शेळ्या हाकत होते. मिस्त्री बाहेरून सांगून बघत होते, "नाना, मध्ये मध्ये सांधे ठेवा. सलग ठेवलंत तर तडकेल."

"चांगल्या कामात आपल्याच हातानं भेग पाडायची?" नाना म्हणाले. "माझ्या रस्त्याला जन्मात कधी जोड दिसला नाही."

वरून लोखंडी थापी अशी काही फिरवली की उताराला चकाकी आली. आईंनी खिडकीतून विचारलं, "फार गुळगुळीत नाही ना होत?"

"लोणी झालंय, लोणी!" नाना ओरडून म्हणाले.

डांबराला पाणी मारावं लागत नाही. त्यामुळे ह्यालाही पाणी आठवण झाली तरच मिळालं. आठवडा संपायच्या आत उताराला आडव्या भेगा पडल्या. त्या नानांनी गुपचूप सिमेंट कालवून बुजवल्या आणि कुणी विचारलं की म्हणायचे, "रेघ आहे ती." ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसा प्रकार.

मग चाचणीचा दिवस आला. नानांनी सकाळीच पाइप लावून उतार स्वच्छ धुऊन ठेवला होता, कारण धुतल्यावर तो जास्त चमकतो. आई ब्रेकवर हात ठेवून सावकाश खाली गेल्या. फाटकातून पेपर उचलला, मांडीवर ठेवला आणि वळल्या. नानांची छाती फुगली. मीसुद्धा टाळी वाजवायला हात उचलले होते.

चढायला लागल्या आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. आईंनी जोर लावला. खुर्ची वीतभर वर आली आणि ओल्या काँक्रीटवरून तशीच मागे घसरत जाऊन फाटकावर धाडकन आदळली. पेपर उडाला. आम्ही सगळे पळत सुटलो.

"कुणी हात लावायचा नाही!" आई ओरडल्या.

आम्ही जागीच थांबलो. त्या पुन्हा चढायला लागल्या, पुन्हा घसरल्या. मग पुन्हा एकदा. त्यांचं तोंड लाल झालं होतं, केस कपाळावर आले होते. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत म्हणाल्या, "ढकला."

नानांनी मुठी धरल्या आणि खुर्ची वर आणली. तेवढं अंतर पार करताना माझा हट्टी सासरा म्हातारा दिसला. आत आल्यावर आईंनी ताईला फोन लावला. रागावल्या नव्हत्या, साध्या आवाजात बोलत होत्या. पुढच्या महिन्याच्या शेवटी ताई रजा काढून गाडी घेऊन येणार असं ठरलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणीही दुसरा असता तर तिथेच बसला असता. त्या संध्याकाळी नवरा मला म्हणाला, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही बघ. नाना पुन्हा कुदळ शोधतायत." मी म्हटलं, "जाऊच नये. आता त्या पिळावरच आपली सगळी भिस्त आहे."

सकाळी नाना नाक मुठीत धरून मिस्त्रींच्या दारात गेले. मी बरोबर होते, मला मुद्दाम नेलं होतं. एकटे गेले तर अर्ध्या वाटेतून परत येतील अशी त्यांना स्वतःचीच भीती वाटत असावी.

"मला सिमेंट शिकवा," नाना म्हणाले.

मिस्त्री दात घासत होते. त्यांनी चूळ भरली. "हे आधी विचारलं असतंत तर?"

"आधी मला येत होतं," नाना म्हणाले.

मिस्त्री हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानेन. त्यांनी येऊन उतार ठोकून पाहिला. नुसतं वरून खरबरीत करून भागणार नव्हतं, भेगा खोल गेल्या होत्या. सगळं फोडायचं ठरलं. फोडून झाल्यावर मात्र मिस्त्री खाली वाकले आणि दाबून बसवलेल्या खडीवर टाच मारून म्हणाले, "ही हलवायची नाही. अशी बैठक मी कुठे बघितली नाही."

"ती माझी," नाना म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून ते दोन शब्द ऐकले आणि बरं वाटलं.

आता दुधानं तोंड पोळलेलं, तेव्हा ताकही फुंकून प्यायचं होतं. मिस्त्री म्हणाले, "वरचं गुळगुळीत ठेवायचं नाही. पाणी जरा आटलं की आडवा झाडू ओढायचा, रेघा उठतात. चाक त्या रेघांना धरून राहतं. आधी नमुना करू." त्यांनी एका जुन्या लाकडी खोक्यात काँक्रीट ओतलं, सपाट केलं आणि झाडू नानांच्या हातात दिला. नानांनी ओढला तो सरळ नांगर घातला. रोलरचा हात, त्याला हलकं काही ठाऊकच नाही. मग मिस्त्रींनी स्वतः ओढला. सुकल्यावर ते खोकं आईंच्या पुढ्यात आलं. त्यांनी तळवा फिरवला, मग त्यावर पाणी ओतून खुर्चीचं चाक घासून पाहिलं.

"ओलं झालं की परत घसरेन," त्या म्हणाल्या. "रेघ अजून खोल हवी."

दुसरा नमुना झाला. "ही मध्येच तुटलीय."

तिसऱ्याच्या वेळी मिस्त्रींनी झाडू उचलला, तेवढ्यात आईंनी हात पुढे केला. "द्या इकडे."

त्यांनी झाडू टेकवला आणि एका दमात ओढला. ह्या काठापासून त्या काठापर्यंत सारख्या रेघा उठल्या, कुठे खड्डा नाही की कुठे तुटलेली नाही. मिस्त्री बघतच राहिले. "हे कुठे शिकलात?"

"इथेच," आई म्हणाल्या. "इतकी वर्षं ह्यांच्या बुटांतली खडी रोज कोण झाडून काढत होतं?"

खोकं सुकल्यावर चाक त्यावर घासून आईंनी पसंतीची मान डोलावली. प्रश्न उरला तो पुढचा. मिस्त्री म्हणाले, "पण वहिनी, खोक्यातलं वेगळं. उतारावर थांबायला मिळत नाही. काँक्रीट कुणासाठी थांबत नाही, तुमचे हात भरून येतील."

नाना म्हणाले, "रस्ता हिच्या चाकांसाठी आहे. झाडू हीच मारेल."

ह्या वेळी पहाटेचा गारवा धरला. उताराच्या कडेच्या फुलझाडांच्या वाफ्यावर रुंद फळ्या टाकल्या, त्यावर आईंची खुर्ची. झाडूला लांब दांडा बांधला होता. पलीकडच्या काठावर माझा नवरा झाडूचं तोंड हलकेच टेकवायचा आणि आई इकडून ओढायच्या. मिक्सर घरघरत होता, मिस्त्री फळी फिरवून सपाट करत खाली सरकत होते. पहिला सांधा पाडायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी थापी नानांकडे दिली. नानांनी दातओठ खाऊन, पण सरळ रेषेत, आपल्या हातानं भेग पाडली. मग हात पुसून ते आईंच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मुठींना हात लावला नाही, नुसते उभे राहिले.

आईंनी पहिला पट्टा ओढला. ब्रेक सोडला.

"ढकला," त्या म्हणाल्या.

नानांनी हातभर ढकललं.

"बास." पुन्हा ब्रेक, पुन्हा झाडू, पुन्हा सारख्या रेघा. "ढकला."

त्या दिवशी हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की फाटकापाशी ऐकलेला तो हाच शब्द होता हे खरं वाटेना. आता तो हुकूम होता. नाना तो पाळत होते, एवढंच नव्हे तर खूश होऊन पाळत होते.

"ही जरा वाकडी गेली का?" एकदा त्यांनी विचारलं.

"रोलर मागवू?" आई म्हणाल्या.

नानांनी पुन्हा मुठी धरल्या.

अर्ध्या उतारावर आईंचे हात कापायला लागले. ऊन चढत होतं, काँक्रीट घट्ट व्हायला लागलं होतं, आणि त्यामुळे झाडू ओढायला जोर जास्त लागत होता. तळव्याला फोड आला. नानांनी खिशातला रुमाल फाडून त्यांच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या बांधल्या. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, राहिलेलं मी करतो." मी म्हटलं, "आई, मी ओढू का थोडं?"

"तू गप्प उभी राहा," आई मला म्हणाल्या. "ढकला हो!"

फाटकाजवळचा शेवटचा पट्टा त्यांनी डोळे मिटून ओढला असं मला वाटलं. झाडू हातातून सुटला तो त्यांनी उचलला नाही. त्यांना वर आणून जेवू घातलं तेव्हा घास धरवत नव्हता, मी भरवला. त्यांनी भरवून घेतला, आणि तेही कसं, "मोठे घास दे, भूक लागलीय."

पुढचे दिवस नाना उतारावर पाणी मारत होते. वर गोणपाट अंथरलं होतं, ते सुकायच्या आत नाना पाइप घेऊन हजर. मिस्त्रींनी सांगितलेल्या दिवसाआधी त्यावर पाऊल ठेवायची कुणाला परवानगी नव्हती. आम्ही सगळे वाफ्यातल्या फळ्यांवरून ये-जा करत होतो. मिस्त्रींनी हिरवा कंदील दिला तो ताई यायच्या आदल्या दिवशी. मी म्हटलं, "आई, एकदा जाऊन बघता का?"

"नाही," आई म्हणाल्या. "तिच्यासमोरच काय ते कळू दे. जायची वेळ आली तर उगाच दोनदा मन मोडायला नको."

त्यांनी बॅग भरली होती. ती बाहेरच्या दाराशी पायरीवर ठेवली होती, आणि नाना जाता-येता तिला वळसा घालत होते. मी ती आत ठेवायला गेले तर आईंनी मला परत ठेवायला लावली.

त्या संध्याकाळी आई नानांना म्हणाल्या, "पाना आणा. खुर्चीच्या मुठी काढा."

"कशाला?"

"कुणाला मोह नको."

नानांनी मुठी काढल्या. सकाळी ताईच्या गाडीची वाट बघत आम्ही पायरीवर बसलो होतो, तेव्हा आईंनी पुढचा हुकूम सोडला. "उतार ओला करा."

"आज नको," नाना म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "आज कोरड्यावरून जा."

"कोरड्यावरून कुणीही जाईल. ओला करा."

नानांनी पाइप लावला. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. ताईची गाडी फाटकाबाहेर उभी राहिली आणि आई निघाल्या. खाली जाताना चाकं रेघांवरून खर्रखर्र वाजत होती. त्यांनी स्वतः फाटकाची कडी काढली. ताई उतरली, तिने आईंना मिठी मारली. मग आई वळल्या आणि वर बघितलं.

नानांनी माझं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट की मला दुखलं, पण मी सोडवून घेतलं नाही.

आईंनी चाकं फिरवली. एक हात, दोन हात. खुर्ची चढत होती. एका सांध्यापाशी त्या थांबल्या आणि खुर्ची किंचित मागे आली, असं मला तरी वाटलं. ताईलाही वाटलं असणार. ती धावत मागून आली आणि सवयीनं खुर्चीच्या पाठीकडे हात नेले. तिथे काहीच नव्हतं. तिचे हात हवेत राहिले.

"मुठी कुठे गेल्या?" ती ओरडली.

"काढल्या," आई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "बाजूला हो. तिथे उभी राहिलीस तर तुलाच लागेल."

ताई बाजूला झाली. आईंनी पुन्हा चाकं धरली आणि त्या वर आल्या. मध्ये दोनदा थांबून, धापा टाकत, पण पायरीपाशी आल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझा नवरा रडत होता आणि मीही.

ताई सावकाश वर आली. तिने उताराकडे पाहिलं, दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. मग नानांना विचारलं, "हा तुम्ही केलात?"

नानांनी बोट उचललं. आम्हाला वाटलं, आता म्हणणार. ते म्हणाले, "खालची खडी माझी. रस्ता हिचा."

आई पदरानं तोंड पुसत होत्या. एकदम त्यांच्या लक्षात आलं. "अरे, पेपर फाटकातच राहिला."

नाना निघाले.

"बसा," आई म्हणाल्या आणि खुर्ची वळवली. "मी आणते."

नाना बसले. मागे न बघता, पायरीवरच्या आईंच्या बॅगेवरच बसले.